दीड मिनिटानंतरचे देवपुजारी

देवपुजाऱ्यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. त्यात चूक माझी होती असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. शेवटपर्यंत म्हणजे २००८ साली ते नागपूरला परत गेले तोपर्यंत. मी अजूनही ते मान्य केलेलं नाही.

गोष्ट २००३ ची. टेक्ससमधल्या अर्विंग गावी एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर आम्ही दोघं होतो. मी प्रोग्रॅम लिहायचा आणि देवपुजाऱ्यांनी तो तपासून चुका काढायच्या, अशी कामाची वाटणी. बाकीचे टेस्टर चुका ईमेलने कळवत. हा गृहस्थ उठून माझ्या क्यूबिकलच्या तोंडाशी यायचा, पार्टिशनवर दोन बोटं वाजवायचा आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "ओ पुणेकर ताई, तुमचं हे बटन दाबलं तर काहीच होऊन नाही राहिलं. सुट्टीवर आहे का आज ते?"

मला पुणेकर म्हटलेलं चालतं, ताई म्हटलेलंही चालतं. दोन्ही एका दमात, आणि तेही अमेरिकन मॅनेजरसमोर म्हटलं की डोक्यात जातं. त्यावरून भर ऑफिसात आमचं भांडण झालं.

पण माणसावर रागावून राहण्याची सोय नव्हती. बेचाळिशीचा, उंचापुरा, खिशाला पेन लावलेला चौकड्यांचा शर्ट आणि उन्हाळ्यातही मोज्यांवर सँडल. चेहरा असा की आता हसेल, आता हसेल असं वाटत राहावं. आडनाव देवपुजारी, पण देवळात गेले तर प्रसादाच्या रांगेत आधी. आम्ही एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायचो आणि माझी गाडी सारखी आजारी असायची, त्यामुळे भांडणानंतर दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांच्या गाडीतून ऑफिसला जायला लागले.

पहिल्या दिवशी मी गाडीत बसले, दार ओढून घेतलं आणि गिटारचा असा दणका उठला की माझा डबा मांडीवरून खाली पडला. पाठोपाठ एक मुलगी जपानी भाषेत जीव तोडून गायला लागली.

"अहो, हे काय लावलंय?"

"कार्टूनचं टायटल साँग."

"देवपुजारी, वय काय तुमचं!"

"माझं बेचाळीस. गाणारीचं एकोणीस. कोणीतरी ऐकायला पाहिजे ना बाप्पा तिला."

गाडी जपानी, गाणी जपानी आणि चालवणारा नागपूरच्या महाल भागातला! मी कपाळावर हात मारला. पण फुकट राइड होती, म्हणून गप्प बसले.

हळूहळू मला सगळं शास्त्र समजावून देण्यात आलं. मी विचारलेलं नसताना. जपानी कार्टून मालिका तेव्हा अमेरिकेत केबलवर लागायच्या आणि शाळेतून आलेली आपली पोरं दप्तर फेकून त्यांच्यापुढे बसायची. प्रत्येक मालिकेच्या सुरुवातीला एक गाणं. बरेचदा ते गाणं कुठल्यातरी अगदी नव्या, नाव नसलेल्या बँडला द्यायचे आणि तीच त्यांची पहिली सीडी असायची. म्हणजे गाणाऱ्याला त्याच्या गल्लीत कोणी ओळखत नाही, पण त्याचं गाणं टेक्ससमधली पोरं ब्रश करताना म्हणतायत. देवपुजाऱ्यांना याचं फार अप्रूप. ते फक्त असली पहिली गाणी जमवायचे. डॅलसच्या उत्तरेला एका जपानी बाईंचं वाणसामानाचं दुकान होतं, त्या बाई सोया सॉसच्या खोक्यांबरोबर देवपुजाऱ्यांसाठी सीड्या मागवायच्या आणि गाण्याचा अर्थही सांगायच्या. या सगळ्या बँडना देवपुजाऱ्यांनी एक नाव ठेवलं होतं: पहिलटकर.

"हे काय हो नाव!"

"मग काय म्हणू? पहिल्यांदा घाबरलेले असतात, ओरडतात, आणि जे होते ते खरं होते."

त्यांच्या वाढदिवसाला मी त्यांच्या लाडक्या बँडची, त्याच एकोणीस वर्षांच्या मुलीची, दुसरी सीडी शोधून आणली. दुकानात तासभर घालवून. त्यांनी ती गाडीत लावली, पूर्ण ऐकली, काढली आणि डबीत घालून माझ्या हातात परत दिली.

"छान गाऊन राहिली आता," ते म्हणाले. "पण आता तिला कळलं लोकांना काय आवडते ते. तुमच्याकडेच ठेवा, ताई."

असा राग आला मला! भेट कोणी परत करतं का? दोन दिवस मी ऑफिसला टॅक्सीने गेले. तिसऱ्या दिवशी वैजयंती वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला पोहे खायला बोलावलं. नागपुरी पोहे, वर तर्री. डोळ्यांतून पाणी काढत मी खात होते आणि वहिनी सांगत होत्या.

"मनावर नका घेऊ. ते असेच आहेत. त्यांचं दुखणं वेगळंच आहे."

देवपुजारी तरुणपणी नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात गायचे. गणपती, नवरात्र, लग्नाच्या आदल्या दिवशीचे कार्यक्रम. आवाज असा की तीन-तीन मोठ्या गायकांची नक्कल करायचे, हुबेहूब. लोक डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, खुद्द तोच गाऊन राहिला. पोस्टरवर देवपुजाऱ्यांचं नाव कधीच नसायचं. 'अमक्याचा आवाज' असं छापायचे, आणि अमक्याचं नाव मोठ्या अक्षरांत. एकदा गोंदियाला त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी एक गाणं कुणाचीही नक्कल न करता, आपल्या स्वतःच्या आवाजात म्हटलं. पहिल्या कडव्यालाच मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, मूळ गायकाला आणा!" सगळा मांडव हसला. देवपुजारीही हसले. पुढचं गाणं त्यांनी पुन्हा हुबेहूब म्हटलं. वर्षभरात ऑर्केस्ट्रा सोडला, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि इकडे आले.

"तेव्हापासून," वहिनी म्हणाल्या, "घरात गातात, गाडीत गातात. पण माणसांसमोर तोंड नाही उघडलं. मला तर ते जपानी काही कळत नाही बाप्पा. पण एक गाणं पूर्ण, स्वतःच्या आवाजात, चारचौघांत म्हणायचं आहे त्यांना. एकदाच. हे झाल्याशिवाय हा माणूस काही शांत नाही व्हायचा."

मग मला कळलं की एकोणीस वर्षांच्या मुलीचंच गाणं त्यांनी का धरलंय. तिच्या आवाजाची नक्कल करणं त्यांना शक्यच नव्हतं. तिची पट्टी आभाळात. देवपुजारी तेच गाणं एक सप्तक खाली घ्यायचे, आणि तिथे उभं राहिलं की मागेपुढे त्यांच्याखेरीज कुणीच नसायचं. गाडीत मी नीट कान देऊन ऐकायला लागले. जाड, किंचित खरखरीत, शब्दाला घट्ट धरून ठेवणारा आवाज. तोपर्यंत मी त्यांना नुसतं मोठ्या आवाजाचा माणूस समजत होते.

आता चारचौघं म्हणजे कोण? तर आमचं मराठी मंडळ, आणि चारचौघांत गायची जागा म्हणजे गणेशोत्सव. एका शाळेचं ऑडिटोरियम भाड्याने घ्यायचं, आरती करायची, मग करमणुकीचे कार्यक्रम आणि मग मसालेभात. कार्यक्रमांची निवड चित्राताई सबनीसांच्या दिवाणखान्यात व्हायची. त्याला 'स्क्रीनिंग' असं भारी नाव होतं. समिती सोफ्यावर चिवडा खात बसायची आणि उमेदवार समोरच्या गालिच्यावर उभा राहायचा. मीही त्या समितीत होते, सोफ्याच्या टोकाला.

चित्राताई बाई वाईट नव्हत्या. कडक होत्या. दरवर्षी दोनशे माणसांना वेळेवर जेवायला घालायचं तर कडक असावंच लागतं. प्रत्येक कार्यक्रमाला मिनिटं ठरलेली, आणि वेळ संपली की पडदा. एकदा एका डॉक्टरांचं नाट्यगीत तानेच्या मध्यात असताना त्यांनी पडदा पाडला होता. डॉक्टर पडद्याच्या आत तान पूर्ण करताना आम्हाला ऐकू येत होते.

देवपुजाऱ्यांनी गालिच्यावर उभं राहून गाणं म्हटलं. चित्राताईंचे यजमान, सबनीस काका, चिवड्यातला दाणा चावत म्हणाले, "हे मराठीत नाहीये का?"

"नाही जी. जपानीत आहे."

"गणपतीपुढे जपानी?" चित्राताई म्हणाल्या. "नाही हो, देवपुजारी. आपल्या मुलांच्या कानावर मराठी पडावं म्हणून करतो ना आपण हे सगळं?"

"मागच्या वर्षी तर हिंदी सिनेमाच्या गाण्यावर सोळा बायका नाचल्या!" मी म्हटलं. माझं तोंड असं आहे, मी काय करू.

"ते फ्यूजन होतं," चित्राताई म्हणाल्या, आणि विषय संपला.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. देवपुजारी रागावले नाहीत. त्यांनी मंडळाची साउंड सिस्टीम सांभाळायचं काम मागून घेतलं. म्हणाले, "गाऊ नाही देत तर नाही. दुसऱ्याचा आवाज तर नीट पोचवू." मला इतकं वाईट वाटलं की विचारू नका. पुन्हा दुसऱ्याचाच आवाज!

आणि त्या साउंड सिस्टीमनेच काम केलं. २००६ चा गणेशोत्सव. कार्यक्रमाला अजून अवकाश होता. आमच्या ऑडिटोरियमचं कायमचं दृश्य म्हणजे आत आईबाप, आणि बाहेर लॉबीत सगळी पोरं जमिनीवर फतकल मारून हातातल्या गेममध्ये डोकं घालून बसलेली. चित्राताई दरवर्षी बाहेर जाऊन ओरडायच्या, "मुलांनो, आत चला! किती छान प्रोग्रॅम आहे!" पोरं म्हणायची, "इन अ मिनिट, मावशी," आणि ते मिनिट जेवणापर्यंत चालायचं.

देवपुजारी माइक तपासत होते. 'चेक, चेक' म्हणून झालं. मग सवयीने, काही न ठरवता, त्यांनी त्या गाण्याची पहिली ओळ म्हटली.

लॉबीची दारं धाडकन उघडली. मी पाहिलंय म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. पोरं धावत आली. लहान, मोठी, परकर-पोलक्यातली, झब्ब्यातली. "ओ माय गॉड, दॅट्स द ओपनिंग!" असं ओरडत स्टेजपाशी गोळा झाली आणि दुसरी ओळ त्यांनीच म्हटली, सगळ्यांनी मिळून, एकही शब्द न चुकता. ज्यांच्याकडून 'सुखकर्ता'च्या दोन ओळी पाठ करून घ्यायला आयांचा घसा बसतो, ती पोरं!

चित्राताई विंगेत समईची वात सारखी करत होत्या. वात तशीच सोडून त्या पुढे आल्या. मग तेलाचे हात पदराला पुसत म्हणाल्या, "देवपुजारी, हे गाणं केवढं आहे?"

"साडेचार मिनिटं."

"छे, काहीतरीच काय!" त्यांनी आपल्या मुलाला विचारलं, "साहिल, हाउ लाँग इज धिस साँग?"

"नाइन्टी सेकंड्स," साहिल छातीठोकपणे म्हणाला. सगळ्या पोरांनी माना हलवल्या.

पोरं खोटं बोलत नव्हती. टीव्हीवर गाणं दीड मिनिटाचंच लागायचं, एक कडवं आणि ध्रुवपद, की मालिका सुरू. त्यापलीकडे गाणं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. पूर्ण गाणं फक्त सीडीवर, आणि सीडी फक्त देवपुजाऱ्यांकडे.

"दीड मिनिट दिलं," चित्राताई म्हणाल्या. "नाटुकल्यानंतर. त्यावर एक सेकंद नाही."

देवपुजारी "बरं" म्हणाले. मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. "अहो, दीड मिनिटात काय म्हणणार तुम्ही? सांगा ना त्यांना नीट!"

"सांगितलं तर तेही जाईल, ताई."

वहिनींनी झब्बा आणला होता, तो त्यांनी घातला नाही. चौकड्यांचा शर्ट, खिशाला पेन, तसेच स्टेजवर गेले. जपानी सीडीवर मूळ गाण्याबरोबर नुसत्या वाद्यांचाही एक ट्रॅक असतो, तो लावायचा होता. साउंडच्या टेबलापाशी देवपुजारी नसल्यामुळे तिथे वहिनी बसल्या होत्या. मी विंगेत, माझ्याशेजारी पडद्याच्या बटनावर बोट ठेवून सबनीस काका, आणि त्यांच्यामागे हातात घड्याळ धरून चित्राताई.

गिटारचा दणका उठला. पुढच्या रांगांतल्या दोन-तीन काकूंनी कानांवर हात ठेवले. देवपुजारी गायला लागले आणि त्यांच्याबरोबर स्टेजपुढे खाली बसलेली पोरं. पोरांचे आवाज वर, त्यांचा एकट्याचा खाली. आईबाप पहिल्यांदा हसले, मग माना वर करकरून आपापलं पोर शोधायला लागले. ध्रुवपदाला पोरं उभी राहिली. संपलं तेव्हा शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा! पोरं वळून लॉबीकडे निघालीसुद्धा, कारण त्यांचं गाणं संपलं होतं.

"पडदा," चित्राताई म्हणाल्या. काकांनी बटन दाबलं.

पडदा दोन्ही बाजूंनी सरकायला लागला. पण सीडी वाजतच होती. देवपुजाऱ्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे पाहिलं आणि माइक हातात घेऊन चार पावलं पुढे आले. पडदा त्यांच्या पाठीमागे बंद झाला. आता स्टेजच्या पुढच्या पट्टीवर ते एकटे, आणखी एक पाऊल टाकलं तर खाली पडतील अशा बेताने उभे. आणि त्यांनी दुसरं कडवं सुरू केलं.

"देअर इज मोर?" दारापर्यंत पोचलेली एक मुलगी म्हणाली. जिथल्या तिथे थांबली सगळी.

त्या गाण्याचा अर्थ मला दुकानवाल्या बाईंकडून देवपुजाऱ्यांमार्फत कळलेला होता. एक मुलगी समुद्र बघायला म्हणून चुकीच्या बसमध्ये बसते. पहिल्या कडव्यात ती म्हणते, उतरणार नाही. दुसऱ्या कडव्यात शेवटचा थांबा येतो, समुद्र नसतोच तिथे, आणि ती म्हणते, मग चालत जाईन. सभागृहात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण दोनशे माणसं हलत नव्हती. बरोबर म्हणायला पोरं नव्हती, हे कडवं कोणी ऐकलेलं नव्हतं, बरोबर की चूक हे ठरवणारा कोणी नव्हता. तो जाड, खरखरीत आवाज एकटा पुढे पुढे जात होता. मला रडू यायला लागलं. मी डोळे पुसलेही नाहीत.

चित्राताई विंगेच्या कडेला जाऊन वहिनींना खुणा करत होत्या. आधी हाताने, मग दोन्ही हातांनी, मग गळा कापल्याची खूण: बंद करा! वैजयंती वहिनी ताठ बसून सरळ समोर बघत होत्या. इतकी न दिसल्याची बतावणी मी आयुष्यात पाहिलेली नाही. शेवटी चित्राताई माझ्याकडे वळल्या, "अगं, तू तरी जा!"

"कुठे जाऊ? मला ऐकू द्या," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्टेजकडे पाहिलं, आणि घड्याळ पिशवीत टाकलं. शेवटचं ध्रुवपद आलं तशी पोरं दारातून पळत परत आली आणि त्यांच्यामागून, भाषा न कळणारे, सूर न सापडणारे त्यांचे आईबापही टाळ्या द्यायला लागले. सबनीस काकांनी कोणी न सांगता बटन दाबून पडदा पुन्हा उघडला. देवपुजाऱ्यांनी शेवटचा सूर धरला, धरून ठेवला, आणि सोडला तेव्हा सगळं सभागृह उभं होतं.

मंडळाच्या गणपतीपुढे लोक आरतीला उभे राहतात. गाण्याला उभे राहिलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

त्यानंतर देवपुजारी दोन वर्षं अर्विंगला होते. माझ्या क्यूबिकलच्या पार्टिशनवर त्यांची बोटं वाजतच राहिली. पण त्यांची आठवण निघाली की मला ते दिसतात त्या दिवशीच्या जेवणाच्या रांगेत. हातात कागदी पत्रावळ, पत्रावळीत मसालेभात, पुरी आणि जिलबी, भोवती पोरांचा गराडा. "टीच अस द सेकंड पार्ट, काका!" असा एकच कालवा. देवपुजारी एका हाताने पत्रावळ सांभाळत दुसऱ्या हाताने ताल देत एकेक ओळ सांगत होते, पोरं म्हणत होती, रांग तुंबली होती आणि मागचे भुकेले लोक चक्क ऐकून घेत होते.

तेवढ्यात चित्राताईंच्या सासूबाई काठी टेकत आल्या. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या, नव्वदीच्या जवळ आलेल्या आजी. पोरं बाजूला झाली. आजींनी देवपुजाऱ्यांना खालपासून वरपर्यंत निरखलं.

"काय रे बाळ," त्या म्हणाल्या, "तू गायलास ते मला कळलं नाही. पण मगापासून आठवतेय, आवाज तुझा कुणासारखा आहे? सगळ्या जुन्या गाणाऱ्यांची नावं घेऊन बघितली बघ मनात. एकाशीही जमेना."

देवपुजाऱ्यांचा हसरा चेहरा कसातरीच झाला. त्यांनी पत्रावळ माझ्या हातात कोंबली, खाली वाकले आणि आजींच्या पायांवर डोकं ठेवलं. उठले तेव्हा डोळे वाहत होते आणि ते मान मागे टाकून, सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला वायरी गुंडाळत बसलेल्या बायकोला हाक मारत होते, माइकशिवाय, सगळ्या रांगेने वळून बघावं अशा आवाजात, "वैजू! ऐकलं का? आजी म्हणून राहिल्या, माझा आवाज कोणासारखाच नाही!"